न भेटलेल्या लेखिकेचे हस्तलिखित : एक प्रकरण अभ्यास

दोन लेखिकांमध्ये घडलेल्या एका प्रसंगाची ही नोंद आहे. त्या दोघी चार वर्षे एकमेकींना केवळ लेखनातून आणि ऑनलाइन पत्रव्यवहारातून ओळखत होत्या. त्यांनी एकमेकींचा चेहरा पाहिला नव्हता आणि आवाजही ऐकला नव्हता. एकीला दुसरीच्या लेखनाविषयी मनापासून आदर होता, आणि खऱ्या वाचनाची वेळ आली तेव्हा त्याच आदराने तिचे हात बांधले. मी संपादनाचे काम करते आणि त्यांच्यापैकी एकीच्या कथांची बऱ्याच वर्षांपासूनची पहिली वाचक आहे. या प्रसंगात तिने माझ्याशी सल्लामसलत केली, त्यामुळे हे सारे मला जवळून पाहता आले. दोघींनी हे टिपण वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत आणि नावांऐवजी 'कथाकार' आणि 'ललितलेखिका' हे शब्द वापरले आहेत.

पार्श्वभूमी

दोघींची गाठ सहा आठवड्यांच्या एका ऑनलाइन लेखन-कार्यशाळेत पडली. तिथे मजकूर लेखकाचे नाव न सांगता वाचायला दिला जाई आणि कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा होती. तिसऱ्या आठवड्यात कथाकारांच्या वाट्याला दीड पानाचा एक ललित लेख आला. घरातली म्हातारी माणसे जिना चढताना मनाशी पायऱ्या मोजतात आणि एके दिवशी ते मोजणे ऐकू येईनासे होते, एवढाच त्याचा विषय होता. त्याच रात्री कथाकारांनी मला कळवले की, या बाईंचे वाक्य आपल्या अपेक्षेपेक्षा एक शब्द आधी संपते आणि राहिलेला शब्द वाचणाऱ्याच्या मनात उमटतो. त्यांचे हे निरीक्षण मला आजही अचूक वाटते. पुढे जे घडले त्याचे मूळही त्यातच आहे, कारण कथाकारांना प्रथम आवडले ते एक वाक्य होते आणि त्या वाक्यामागचे माणूस त्यांनी नंतर मनाने उभे केले.

कार्यशाळा संपल्यावर लेख कोणाचा होता ते सांगण्यात आले आणि कथाकारांनी ललितलेखिकांना ईमेल पाठवली. तिला चार दिवसांनी उत्तर आले. सुरुवातीला आठवड्याला एखादे पत्र जाई-येई. वर्षभरात जवळजवळ रोज संदेश होऊ लागले, पण कच्चे खर्डे आणि मोठी पत्रे ईमेलनेच जात राहिली. चार वर्षांत कथाकारांनी अकरा कथा वाचायला पाठवल्या आणि ललितलेखिकांनी तीसेक लेख. एखादा शब्द बसत नसला की रात्री विचारायचा आणि सकाळी उठून उत्तर पाहायचे, अशी सवय दोघींना लागली. ज्याने एकट्याने लिहिले आहे त्याला या सवयीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. घरात कोणाला न कळणारी अडचण दुसऱ्या कोणाला तरी अडचण वाटते, हाच मोठा आधार असतो.

कथाकार त्यांना पहिल्या महिन्यापासून 'ताई' म्हणत. असे कोणी सुचवले नव्हते. ललितलेखिकांच्या लेखांत म्हातारपण, आजारपण, रिकामी होत जाणारी घरे वारंवार येत आणि त्यांच्या गद्याची चाल इतकी संथ होती की, त्या साठीच्या पुढच्या असणार हे कथाकारांनी गृहीत धरले. ललितलेखिकाही त्यांना उलट 'तुम्ही' असेच लिहीत, आणि ते कथाकारांना वडीलधाऱ्या माणसाचे सौजन्य वाटे. वयाचा उल्लेख कोणीच कधी केला नाही.

अशा ओळखीचा अभ्यास झालेला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्ये रेडिओ-टेलिव्हिजनवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जुळणारे एकतर्फी नाते वर्णिले, ज्यात एका बाजूला जवळीक वाटते आणि दुसऱ्या बाजूला ती व्यक्ती ठाऊकही नसते. आपल्या प्रकरणाला ते वर्णन लागू पडत नाही, कारण इथे दोन्ही बाजू बोलत होत्या. अधिक जवळचा विचार जोसेफ वॉल्थर यांचा आहे. त्यांनी 1996 मध्ये असे मांडले की, लेखी ऑनलाइन संवादात पाठवणाऱ्याला आपले शब्द निवडायला सवड मिळते, घेणारा उरलेल्या जागा बहुधा चांगल्याच कल्पनेने भरतो, आणि त्यामुळे असे नाते समोरासमोरच्या नात्यापेक्षाही गहिरे होऊ शकते. दोघी लिहिणाऱ्या असतील तर हे दुपटीने घडते, असे मला वाटते. शब्द निवडण्याचा सराव त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो आणि रिकाम्या जागा भरणे हा तर कथाकारांचा धर्मच आहे.

पत्रांतून वाढलेली वाङ्मयीन मैत्री नवी नाही. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार मराठी वाचकांना परिचित आहे. कथाकारांना मात्र अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचे उदाहरण अधिक प्रिय होते, आणि या प्रकरणात ते पुन्हा उपयोगी पडले, म्हणून थोडक्यात सांगते. एप्रिल 1862 मध्ये डिकिन्सनने थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या अनोळखी लेखकाला चार कविता पाठवल्या आणि त्यांत प्राण आहे का, असे विचारले. त्याने दोष दाखवले. तेव्हा तिने लिहिले की, या शस्त्रक्रियेबद्दल मी आभारी आहे, वाटली होती तितकी ती दुखली नाही. पुढे त्याने छायाचित्र मागितले, तर तिने शब्दांतच आपले वर्णन करून पाठवले. त्यांची पहिली भेट ऑगस्ट 1870 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी झाली. त्या भेटीने आपण अगदी थकून गेलो आणि तिच्या शेजारी राहत नाही हे बरेच आहे, असे हिगिन्सनने नंतर पत्नीला कळवले. असे असूनही पत्रे थांबली नाहीत.

अडचण

चौथ्या वर्षाच्या अखेरीस ललितलेखिकांनी आपल्या पहिल्या संग्रहाचे हस्तलिखित पाठवले. त्यात बावीस लेख होते. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिले होते की, प्रकाशकाकडे द्यायला सहा आठवडे आहेत, त्याआधी तुम्ही वाचावे आणि खटकेल ते सांगावे, कारण ज्यांच्या मताची मला भीती वाटते अशा तुम्ही एकट्याच आहात. कथाकारांनी हे वाक्य मला तीनदा वाचून दाखवले. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता, आणि मला वाटते त्याच अभिमानाने त्यांची पहिली चूक करवली.

पहिल्या रात्री त्यांनी सात लेख वाचले. ते उत्तम होते आणि त्यांतले पाच त्यांना आधीपासून माहीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, पुढचे काही न वाचता, त्यांनी संदेश पाठवला : "ताई, वाचते आहे. एकेक लेख म्हणजे रत्न आहे. बदलण्यासारखे काही दिसत नाही." त्या रात्री त्या आठव्या लेखाकडे वळल्या.

आठव्यापासून पंधराव्यापर्यंतचे लेख वाचताना त्यांना काहीतरी सलू लागले. ते नेमके काय, हे समजायला दोन दिवस गेले. प्रत्येक लेख एखाद्या एकट्या पडलेल्या वस्तूवर येऊन थांबत होता. एका लेखाच्या शेवटी मिटलेली छत्री होती, एकाच्या शेवटी कुलूप नसलेली किल्ली, एकाच्या शेवटी कोणी न बसलेली खुर्ची. सुटा वाचला तर कोणताही लेख वाईट नव्हता. ओळीने वाचल्यावर मात्र चौथ्या लेखापाशीच शेवट आधी कळू लागे आणि सातव्यापाशी त्याचा राग येऊ लागे. एक शब्द आधी थांबण्याची जी खुबी कथाकारांना चार वर्षांपूर्वी भारून गेली होती, तिचीच आता लकब झाली होती. सुटे लेख वर्षानुवर्षे अंतराअंतराने वाचल्यामुळे हे त्यांच्या, आणि बहुधा लिहिणारीच्याही, लक्षात आले नव्हते.

अकराव्या लेखाने अडचण आणखी वाढवली. त्यात एक म्हातारा गृहस्थ रोज संध्याकाळी आपल्या सदऱ्याची बटणे मोजतो आणि दर वेळी एक कमी भरते. कथाकारांचे वडील शेवटच्या महिन्यांत असेच करीत असत. दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री एका संदेशात त्यांनी ललितलेखिकांना हे सांगितले होते. स्वतः त्यावर काही लिहावे असे त्यांच्या मनात होते, पण धीर झाला नव्हता.

तिसरी गोष्ट त्यांना माझ्याशी बोलताना उमगली. अलीकडच्या त्यांच्या दोन कथांविषयी मी म्हटले होते की, पात्रे सगळी एकाच सुरात बोलतात आणि तो सूर तुमचा नाही. त्या तेव्हा गप्प राहिल्या होत्या. आता त्यांनीच कबूल केले की, दोन वर्षांपासून प्रत्येक परिच्छेद लिहिताना 'ताई कशा थांबल्या असत्या' हे त्या स्वतःला विचारत होत्या.

मुळात हा पेच कठीण का होता, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो क्षुल्लक वाटेल. मित्राला त्याच्या लेखनातला दोष सांगणे नेहमीच अवघड असते, पण समोरासमोरच्या मैत्रीत लेखनाबाहेरही बरेच काही असते. बोलताना आवाज मऊ करता येतो, दोष सांगून झाल्यावर दुसरा विषय काढता येतो, निघताना खांद्यावर हात ठेवता येतो. इथे यातले काहीच नव्हते. कथाकारांना ललितलेखिका ठाऊक होत्या त्या केवळ त्यांच्या वाक्यांतून, त्यामुळे वाक्य खोडणे म्हणजे माणूस खोडणे अशी धास्ती त्यांच्या मनात बसली. ज्या वस्तूवर टीका करायची आणि ज्या वस्तूवर मैत्री उभी होती, त्या दोन्ही एकच होत्या. टीकाही पुन्हा लेखीच द्यायची होती, आणि लिहिणाऱ्याच्या मनातला सूर वाचणाऱ्यापर्यंत लिहिणारा समजतो तितका पोहोचत नाही, हे ईमेलवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या आठवड्यात कथाकार माझ्याकडे आल्या तेव्हा स्तुतीचा तो संदेश जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मधल्या काळात त्यांनी एकही शब्द लिहिला नव्हता. ललितलेखिकांनी दोनदा साधी चौकशी केली होती. ते संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या, उत्तर गेले नव्हते. रोज बोलणाऱ्या दोघींमध्ये नऊ दिवसांच्या अशा गप्प राहण्याचा अर्थ समोरची व्यक्ती लावल्यावाचून राहत नाही, हे मी त्यांना सांगितले.

स्तुती कायम ठेवून गप्प बसणे हा पहिला पर्याय होता, आणि त्याच्या बाजूने वाटते त्यापेक्षा अधिक बोलण्यासारखे होते. पहिलाच संग्रह होता, सहा आठवड्यांत फारसे बदलणे शक्य नव्हते, आणि प्रकाशकाकडे संपादक असतोच. मी याला विरोध केला तो एकाच कारणासाठी. ललितलेखिकांनी कौतुक मागितले नव्हते, भीती वाटते अशा वाचकाचे मत मागितले होते. कौतुक देऊन गप्प बसणे म्हणजे त्या वाचकाला गैरहजर ठेवणे होते.

वेळ नसल्याचे सांगून हस्तलिखित परत करावे, असेही कथाकारांना एकदा वाटले. ते खोटे ठरले असते आणि नऊ दिवसांच्या मौनानंतर कोणाला पटलेही नसते, म्हणून त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

हस्तलिखित मी वाचावे आणि संपादक म्हणून माझ्या नावाने मत द्यावे, असे कथाकारांनी सुचवले. मला हे सोपे होते, मैत्रीला धक्का न लागता दोष पोहोचले असते आणि क्षणभर मला मोहही झाला. मात्र हस्तलिखित विश्वासाने एका व्यक्तीला दिलेले होते. लेखिकेला न विचारता ते तिसऱ्या माणसाला दाखवणे गैर आहे. मी ते कधीच वाचले नाही. वर जे लिहिले आहे ते कथाकारांनी सांगितले तेवढेच आहे, आणि त्या वेळी त्यांनी जेवढे सांगितले तेवढेही सांगायला हवे होते का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

आधी फोन करावा, आवाजाची ओळख करून घ्यावी आणि मग बोलावे, हा माझा सल्ला होता. कथाकारांनी तो मानला नाही. पहिल्यांदा आवाज ऐकायचा तो दोष सांगताना, हे त्यांना क्रूर वाटले. शिवाय भेट आणि बोलणे या गोष्टी ललितलेखिकांनी कधीच सुचवल्या नव्हत्या आणि ते अंतर त्यांना हवे असावे, असे कथाकारांचे म्हणणे होते. त्यांनी मला रशियन संगीतकार चायकोव्स्की आणि त्यांच्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक यांची आठवण करून दिली. 1876 पासून 1890 पर्यंत त्या दोघांनी एकमेकांना हजारांहून अधिक पत्रे लिहिली आणि प्रत्यक्ष भेटायचे नाही हे त्यांनी आपसांत ठरवलेले होते. एकदा चुकून समोरासमोर आले, तेव्हा न बोलता निघून गेले. कथाकारांचा मुद्दा असा होता की, अंतर हीच एखाद्या मैत्रीची अट असू शकते आणि ती एका बाजूने मोडता येत नाही. मला तो मुद्दा पटला, पण 1890 मध्ये ती मैत्री अचानक तुटली आणि पुन्हा जुळली नाही, हेही मी त्यांच्या लक्षात आणून दिले.

उरला तो पर्याय सविस्तर लेखी मताचा. त्यात बटणांच्या लेखाचे काय करायचे हा प्रश्न राहिला. त्या लेखाचा आपल्याला राग येतो तो लकबीमुळे की वडिलांमुळे, हे कथाकारांना स्वतःलाच सांगता येत नव्हते. या संबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी इथे झालेला मानते. त्यांनी ठरवले की, वाचक म्हणून द्यायचे मत आणि मैत्रीण म्हणून विचारायची गोष्ट एका पत्रात येता कामा नये, कारण दोन्ही एकत्र आल्या तर सगळी टीका दुखावलेपणातून आली आहे असे वाटेल, आणि तसे वाटणे कदाचित चुकीचेही नसेल.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम कथाकारांनी तो स्तुतीचा संदेश मागे घेतला. पंधराव्या दिवशी त्यांनी लिहिले : "रत्नांविषयी लिहिले तेव्हा मी सातच लेख वाचले होते. बदलण्यासारखे काही नाही असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. आता सगळे वाचले आहे. तुम्हाला कोणत्या प्रकारचे वाचन हवे आहे, ते सांगाल का? कोणते लेख ठेवावे एवढेच सांगू, की संग्रह म्हणून काय वाटले तेही सांगू?" दुसऱ्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले, की सगळे सांगा. माझ्या मते हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर निम्मा पेच उद्भवला नसता.

त्यानंतर त्यांनी पाच दिवस घेऊन एक दीर्घ ईमेल लिहिली. मी तिचा खर्डा वाचला. त्यात 'ताईंना काय वाटेल' हे वाक्यावाक्यात डोकावत होते : प्रत्येक दोषापुढे दोन गुण, प्रत्येक सूचनेपुढे क्षमायाचना. मी एवढेच म्हटले की, त्यांच्या लेखांतल्या ज्या गुणावर तुम्ही लुब्ध आहात तोच इथे वापरा, एक शब्द आधी थांबा. दुसरा खर्डा निम्म्याहून लहान झाला. त्यात आधी आठव्या ते पंधराव्या लेखांचे शेवट एकाखाली एक उतरवले होते, आणि खाली इतकेच होते की, हे ओळीने वाचल्यावर मला चौथ्यापाशी पुढचा शेवट दिसू लागला. त्यांतले चार लेख त्यांच्या मते वगळण्याजोगे होते. किल्लीचा लेखही त्या चारांत होता. जे सहा लेख त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले त्यांची नावे आणि ते का वाचावेसे वाटले, हे त्यांनी शेवटी लिहिले. दोष गोड करण्यासाठी गुण आधी सांगण्याची रीत त्यांनी जाणूनबुजून सोडली. त्यांचे म्हणणे असे की, गुण आधी आले असते तर ललितलेखिकांनी ते केवळ प्रस्तावना म्हणून वाचले असते आणि डोळे 'पण' शोधत राहिले असते.

बटणांच्या प्रसंगाबद्दल त्या पत्रात एक शब्दही नव्हता. त्याविषयीचे पत्र त्यांनी तीन दिवसांनी वेगळे पाठवले. त्यात आरोप नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा तो संदेश तारखेसह दिला होता आणि विचारले होते की, हा प्रसंग तुमच्याकडे दुसरीकडून आला असेल तर माझे काही म्हणणे नाही, पण माझ्या वडिलांचा असेल तर आपण त्यावर बोलले पाहिजे.

परिणाम

पहिल्या पत्राची केवळ पोच आली. दुसऱ्या पत्रानंतर पाच आठवडे काहीही आले नाही. हस्तलिखित द्यायची मुदत त्यातच उलटून गेली. कथाकारांचे ते दिवस वाईट गेले. त्या रोज जुनी पत्रे काढून वाचत, आणि खरे बोलण्याची किंमत इतकी असेल तर खोटे बरे होते, असे त्यांनी मला एकदा निर्वाणीने सांगितलेही.

सहाव्या आठवड्यात दीर्घ उत्तर आले. ललितलेखिकांनी प्रकाशकाकडून मुदत वाढवून घेतली होती. कथाकारांनी वगळायला सांगितलेल्या चारांपैकी तीन लेख त्यांनी काढले आणि किल्लीचा लेख मात्र न बदलता ठेवला, कारण त्याचा शेवट लकब नसून बाकीच्यांची लकब त्याच्यापासून सुरू झाली होती, हे त्यांना मांडणी करताना दिसले. कथाकारांना आज हे पटते. इतर चार लेखांचे शेवट त्यांनी नव्याने लिहिले.

बटणांविषयी त्यांनी लिहिले की, तो प्रसंग आपण कल्पिला आहे अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. तारीख पाहून त्यांनी जुना संदेश उघडला आणि त्या दोन दिवस काही लिहू शकल्या नाहीत. इतक्या पत्रांच्या देवाणघेवाणीत कोणते चित्र कोणाचे हे पुसट झाले होते. हे स्पष्टीकरण मला पटते. कथाकारांनी मग स्वतःच्या अकरा कथा त्या नजरेने तपासल्या, तेव्हा त्यांत ललितलेखिकांच्या तीन शब्दयोजना जशाच्या तशा सापडल्या आणि त्यांनी ते त्यांना कळवले. ललितलेखिकांनी तो लेख परवानगी न मागताच संग्रहातून काढला. कथाकार परवानगी देणार होत्या की नाही, हे त्यांचे त्यांनाही अजून ठरवता आलेले नाही.

याच पत्रात वयाचा उलगडा झाला. ललितलेखिका अडतीस वर्षांच्या होत्या, म्हणजे कथाकारांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. दुसऱ्या वर्षी, कथाकारांच्या मुलाच्या कॉलेजचा उल्लेख आला तेव्हाच त्यांच्या हे ध्यानात आले होते, पण वर्षभर 'ताई' ऐकून घेतल्यावर ते दुरुस्त करणे त्यांना लाजिरवाणे वाटले. त्यांनी असेही लिहिले की, त्या हाकेमुळे आपण हळूहळू तसेच लिहू लागलो, अधिक संथ, अधिक पोक्त, आणि त्या एकट्या पडलेल्या वस्तू बहुधा तिथूनच आल्या. या वाक्याने मी चरकले. कथाकार ललितलेखिकांसारखे लिहू पाहत होत्या, आणि ललितलेखिका कथाकारांच्या मनातल्या ताईसारखे.

टीकेने आपण दुखावलो नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. दुखावले ते त्या पहिल्या संदेशाने. "तुम्ही रत्न म्हणालात तेव्हा मला कळले की तुम्ही वाचलेले नाही," हे त्यांचे शब्द होते.

वेगळे काय करता आले असते

स्तुतीचा तो संदेश टाळता आला असता. संपूर्ण हस्तलिखित वाचल्याशिवाय एकही विशेषण वापरायचे नाही, 'फाइल मिळाली, अमुक तारखेपर्यंत वाचून कळवते' एवढेच लिहायचे, असा नियम कथाकारांनी आता स्वतःला घालून घेतला आहे. पंधरा दिवसांचे मौनही टाळण्यासारखे होते. विचार करायला वेळ हवा असेल तर तो मागून घ्यावा, हे समोरासमोर आपण सहज करतो. पडद्याआडच्या मैत्रीत मात्र गप्प राहणेच सभ्यपणाचे वाटू लागते.

माझ्याही वागण्याचा विचार मला करावा लागतो. कथांमधला सूर तुमचा नाही, हे मी वर्षभर आधी एकदा सांगून सोडून दिले. तो सूर कोणाचा आहे, हे विचारले नाही. विचारले असते तर कौतुकाचे अनुकरणात रूपांतर होते आहे हे कथाकारांना लवकर दिसले असते आणि ललितलेखिकांच्या लेखनाकडेही त्यांनी थोडे दुरून पाहिले असते. दुसऱ्याच्या हस्तलिखिताविषयी मी इतके ऐकून घ्यायला नको होते, हे वर म्हटलेच आहे.

फोनच्या प्रश्नावर आमचे मतभेद कायम आहेत. माझ्या मते एकदा आवाज ऐकला असता तर वयाचा गैरसमज पहिल्याच वाक्यात फिटला असता आणि त्याबरोबर त्यावर उभे राहिलेले बरेच काही टळले असते. कथाकारांचे म्हणणे असे की, तसे झाले असते तर चार वर्षांची ती पत्रेच लिहिली गेली नसती, कारण नऊ वर्षांनी लहान असलेल्या बाईंना मध्यरात्री वडिलांविषयी सांगण्याचा धीर त्यांना झाला नसता. ललितलेखिकांना विचारले तेव्हा, आपल्याला फोनवर बोलायला मुळीच आवडत नाही, एवढेच त्यांनी कळवले.

आता पत्रे आठवड्याला एखादेच जाते-येते. कथाकारांनी आपल्या दोन कथा पूर्णपणे नव्याने लिहायला घेतल्या आहेत. बटणांवर त्यांनी अद्याप काही लिहिलेले नाही. दोघी अजून भेटलेल्या नाहीत. पत्राच्या आरंभी 'ताई' हा शब्द येत नाही आणि त्याच्या जागी काय लिहावे हे अजून ठरलेले नाही. कथाकारांच्या मागच्या पत्रात पहिला परिच्छेद 'तुम्ही' म्हणून सुरू होतो, तिसऱ्यात त्या नकळत 'तू'वर येतात, आणि पाठवण्याआधी त्यांनी ते तसेच राहू दिले आहे.